श्रीरामपूरचा झहीर खान : संघातून बाहेर पडल्यावर ज्याचं खरं करिअर सुरू झालं

रेल्वेनं श्रीरामपूरला जायचं असेल तर तिकीट बेलापूरचं काढावं लागतं. दौंड-मनमाड मार्गावरच्या त्या स्टेशनचं नाव आजही बेलापूरच आहे. नवी मुंबईतलं बेलापूर वेगळं, हे वेगळं. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव ऊस, साखर कारखाने आणि बाजारपेठ यासाठी ओळखलं जायचं. जवळच लोणी-प्रवरानगर, जिथं विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. या भागातल्या मध्यमवर्गीय घरात हुशार पोराचं भविष्य साधारण ठरलेलं असायचं. बारावी सायन्स, मग इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी.

७ ऑक्टोबर १९७८ ला इथं जन्मलेला झहीर खान त्या रस्त्यावर बराच पुढे गेलाही होता. शाळा हिंद सेवा मंडळाची न्यू मराठी आणि पुढं सोमय्या विद्यालय. त्यानंतर लोणीच्या प्रवरा ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालयात इंजिनिअरिंगला प्रवेश. तिथून त्यानं कॉलेज सोडलं आणि क्रिकेट खेळायला मुंबई गाठली.

आज हे वाक्य सहज लिहिता येतं. नव्वदच्या दशकात नगर जिल्ह्यातल्या एखाद्या घरात बसून ते ऐकलं असतं तर कसं वाटलं असतं, याचा विचार करून बघा. आयपीएल नव्हतं. जिल्ह्यातून कुणी भारताकडून वेगवान गोलंदाज म्हणून नाव काढलंय असं उदाहरण समोर नव्हतं. घरच्यांनी त्याला अडवलं नाही, हा त्याच्या करिअरमधला पहिला आणि कदाचित सगळ्यात मोठा टर्निंग पॉइंट.

नाईक सर आणि चेन्नईची शाळा

मुंबईत त्याला भेटले सुधीर नाईक. हे नाव लक्षात ठेवा, कारण ते शेवटाकडं पुन्हा येणार आहे. नाईक स्वतः भारताकडून ३ कसोटी खेळलेले. १९७०-७१ च्या मोसमात मुंबईचे मोठमोठे खेळाडू भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजला गेले असताना त्यांनी मुंबईचं नेतृत्व करून रणजी ट्रॉफी जिंकून दिली होती. नॅशनल क्रिकेट क्लब हा त्यांचा संसार. बाहेरगावाहून आलेल्या या डावखुऱ्या पोराला त्यांनी क्लबमध्ये घेतलं.

तिथून पुढं टी. ए. शेखर यांची नजर त्याच्यावर पडली आणि तो चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला. डेनिस लिली तिथं येऊन पोरांना शिकवायचे. भारतात वेगवान गोलंदाज तयार होत नाहीत, ही त्या काळातली कायमची तक्रार होती आणि ही अकादमी त्या तक्रारीवरचा उपाय म्हणून उघडली होती. झहीरच्या अंगात वेग होता, डावा हात होता आणि यॉर्कर होता. कमी होतं ते या सगळ्यावरचं नियंत्रण.

मुंबईच्या रणजी संघात जागा मिळणं अवघड होतं, म्हणून तो १९९९-२००० च्या मोसमात बडोद्याकडून खेळायला लागला. पुढच्याच मोसमात बडोद्यानं रणजी ट्रॉफी जिंकली. अंतिम सामन्यात रेल्वेचा संघ विजयाच्या जवळ येऊन २१ धावांनी हरला. त्या शेवटच्या डावात झहीरनं ४३ धावांत ५ बळी घेतले आणि सामनावीर ठरला.

पण तोपर्यंत तो देशाला माहीत झालेला होता.

बाविसाव्या वाढदिवसाचा यॉर्कर

ऑक्टोबर २०००. मॅच फिक्सिंगच्या प्रकरणानं भारतीय क्रिकेटची अब्रू गेलेली. सौरव गांगुलीच्या हातात नवा संघ. केनियातल्या नैरोबीत आयसीसी नॉकआउट स्पर्धा. ३ ऑक्टोबरला यजमान केनियाविरुद्ध नव्या पोरांना संधी मिळाली, त्यांत युवराज सिंग आणि झहीर खान होते.

चार दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, समोर ऑस्ट्रेलिया. त्या दिवशी झहीर २२ वर्षांचा झाला होता. युवराजनं ८४ धावा काढल्या आणि त्या खेळीवर अख्खा देश फिदा झाला. पण त्याच सामन्यात झहीरनं ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉ याला यॉर्करवर बोल्ड केलं. आपला वेगवान गोलंदाज समोरच्याच्या स्टंप उडवतोय, हे दृश्य त्या काळी दुर्मीळ होतं. आपल्याकडं जवागल श्रीनाथ होता, पण तो करिअरच्या उताराला लागला होता.

महिनाभरात, नोव्हेंबर २००० मध्ये, ढाक्याला कसोटी पदार्पणही झालं. बांगलादेशचा तो इतिहासातला पहिला कसोटी सामना.

एक गंमत सांगायलाच हवी. डिसेंबरमध्ये जोधपूरला झिम्बाब्वेविरुद्ध डावाच्या शेवटच्या षटकात हेन्री ओलोंगाला त्यानं लागोपाठ ४ षटकार मारले. ११ चेंडूंत नाबाद ३२. सामना भारत १ विकेटनं हरला, पण लोकांना लक्षात राहिले ते षटकार. बॅट हातात आली की झहीर मजा करायचा. २००४ मध्ये ढाक्याला तो अकराव्या क्रमांकावर आला आणि ७५ धावा काढून गेला. त्या वेळी अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाची कसोटीतली ती विश्वविक्रमी धावसंख्या होती. दुसऱ्या टोकाला २४८ धावांवर नाबाद राहिलेला सचिन होता आणि दोघांनी शेवटच्या विकेटसाठी १३३ धावा जोडल्या. २००२ च्या नॅटवेस्ट फायनलमध्ये विजयी धाव पूर्ण झाली तेव्हा लॉर्ड्सवर मोहम्मद कैफच्या सोबतीला झहीरच होता. गांगुलीचा शर्ट सगळ्यांना आठवतो, हे बिचारं कुणाला आठवत नाही.

तो एक ओव्हर

२००३ चा विश्वचषक झहीरनं गाजवला होता. १८ बळी, भारताकडून सर्वांत जास्त. श्रीनाथ, नेहरा आणि झहीर या तिघांच्या जोरावर भारत फायनलला पोहोचला.

२३ मार्च २००३, जोहान्सबर्ग. गांगुलीनं नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली आणि नवा चेंडू झहीरच्या हातात दिला. वय २४. समोर ॲडम गिलख्रिस्ट आणि मॅथ्यू हेडन. त्या पहिल्या षटकात नो-बॉल आणि वाइड पडले, १५ धावा गेल्या. ऑस्ट्रेलियानं २ बाद ३५९ केल्या. झहीरचा हिशेब ७ षटकं, ६७ धावा, एकही बळी नाही.

आपल्याकडं त्या पहिल्या षटकावर वर्षानुवर्षं चर्चा झाली. सामना त्याच षटकात हरला असं म्हणणारे आजही भेटतात. खरं तर नाबाद १४० धावा काढणाऱ्या पाँटिंगपुढं त्या दिवशी कुणाचंच काही चाललं नव्हतं. पण लोकांना एक चेहरा लागतो, आणि तो झहीरचा मिळाला.

त्यानं त्या वर्षाच्या शेवटी उत्तर द्यायला सुरुवात केली होती. डिसेंबरमध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत ९५ धावांत ५ बळी. आणि मग हॅमस्ट्रिंग. म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. तो दौरा अर्धवट सुटला. यानंतर हा शब्द झहीरच्या नावाला जो चिकटला तो कायमचाच.

इथं थोडं थांबून वेगवान गोलंदाजी शरीराचं काय करते ते समजून घेऊ. गोलंदाज पळत येतो, उडी घेतो आणि पुढचा पाय जमिनीवर आपटतो. त्या क्षणी त्या पायावर शरीराच्या वजनाच्या अनेक पट भार येतो. टाच, घोटा, गुडघा, कंबर, सगळ्यांतून तो भार वर जातो. त्याच वेळी धड वळतं आणि खांद्यातून हात फिरतो. कसोटीच्या एका दिवसात हे शंभरेक वेळा करायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. फलंदाजाची चूक झाली तर तो आउट होतो. गोलंदाजाच्या शरीराची चूक झाली तर तो चार महिने घरी बसतो, आणि परत येतो तोवर त्याच्या जागी दुसरा कुणीतरी उभा असतो.

झहीरच्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्याच्या गैरहजेरीत इरफान पठाण आला. तोही डावखुरा, तोही बडोद्याचा, आणि वर बॅटिंग करणारा. मग आर. पी. सिंग आला, तोही डावखुरा. श्रीशांत आणि मुनाफ पटेल आले. २००५ च्या अखेरीस बोर्डानं झहीरला करारात ब श्रेणीतून क श्रेणीत ढकललं. २००६ च्या सुरुवातीचा पाकिस्तान दौरा संपला आणि पुढच्या मालिकांसाठी त्याचं नावच नव्हतं. वय २७. गुणवान होता पण शरीरानं साथ दिली नाही, या एका ओळीत त्याचं करिअर संपतंय असं चित्र होतं.

वूस्टरमधला उन्हाळा

मग तो इंग्लंडला गेला, वूस्टरशायर काउंटीकडून खेळायला. भारतीय संघातून वगळलेला खेळाडू काउंटीला जातो यात नवं काही नाही. नवं होतं ते तिथं जे घडलं ते.

काउंटी क्रिकेट म्हणजे रोजची नोकरी. चार दिवसांचा सामना संपला की बस, दुसरं गाव, पुन्हा सामना. टीव्हीचे कॅमेरे नाहीत, जाहिराती नाहीत, वीस-पंचवीस षटकं टाकायची आणि संध्याकाळी बर्फात पाय बुडवून बसायचं. अशा ठिकाणी दर चेंडू जीव तोडून टाकणारा गोलंदाज जूनपर्यंत टिकत नाही. शरीर शिल्लक ठेवून बळी कसे घ्यायचे हे शिकावंच लागतं. झहीरनं रन-अप छोटा केला. प्रत्येक चेंडू ताकदीनं टाकायचा सोडून मनगटानं आणि शिवणीनं टाकायला लागला. इंग्लंडमधला ड्यूक चेंडू हातात होता, ज्याची शिवण ठसठशीत असते आणि जो बराच वेळ स्विंग होतो. शिकणाऱ्यासाठी यापेक्षा चांगली पाटी नाही.

सॉमरसेटविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात १० बळी. एसेक्सविरुद्ध एका डावात त्यानं पहिले ९ बळी एकट्यानं घेतले आणि यष्टिरक्षकाच्या हातून झेल सुटला नसता तर दहाही त्याचेच झाले असते. मोसम संपला तेव्हा काउंटी चॅम्पियनशिपमध्ये त्याच्या नावावर ७८ बळी होते आणि वूस्टरशायरला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली होती.

माझ्या मते झहीर खानच्या करिअरचे दोन भाग करायचे तर रेघ इथं मारावी लागेल. वूस्टरच्या आधीचा झहीर हा वेग असलेला गोलंदाज होता. नंतरचा झहीर फलंदाजाच्या डोक्यात काय चाललंय ते वाचणारा गोलंदाज होता.

२००६ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी त्याला परत बोलावलं. जोहान्सबर्गला भारतानं दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवरचा पहिला कसोटी विजय मिळवला. याच दौऱ्यात त्यांचा डावखुरा कर्णधार ग्रॅमी स्मिथ झहीरचं गिऱ्हाईक बनला. पुढच्या काळात झहीरनं स्मिथला आंतरराष्ट्रीय सामन्यांत डझनाहून जास्त वेळा आउट केलं. परत आल्यावर, आता बडोद्याऐवजी मुंबईकडून खेळताना, रणजी फायनलमध्ये बंगालविरुद्ध वानखेडेवर ९ बळी घेतले. मुंबई विजेती. ज्या संघात जागा नव्हती म्हणून गाव सोडून आलेल्या पोराला दुसऱ्या राज्यात जावं लागलं होतं, त्याच संघाला त्यानं ट्रॉफी मिळवून दिली.

जेली बीन

२००७ चा इंग्लंड दौरा. लॉर्ड्सची पहिली कसोटी पावसानं आणि अंधुक प्रकाशानं वाचवली, नाहीतर भारत हरलाच होता. दुसरी कसोटी नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिजवर. पहिल्या डावात झहीरचे ५९ धावांत ४ बळी. इंग्लंड १९८ मध्ये गारद.

तिसऱ्या दिवशी झहीर फलंदाजीला आला तर खेळपट्टीवर जेली बीन पडलेली. जेली बीन म्हणजे रंगीत, चिकट गोळ्या. इंग्लंडच्या क्षेत्ररक्षकांपैकी कुणीतरी टाकलेली. त्यानं ती बाजूला सारली, तर थोड्या वेळानं आणखी दिसल्या. हा आपल्याला दिलेला टोमणा आहे असं त्याला वाटलं आणि तो बॅट उगारून केविन पीटरसनशी भांडायला गेला. पीटरसनचा त्यात हात नव्हता असं नंतर सांगितलं गेलं. पण काम झालं होतं. झहीर पेटला होता.

दुसऱ्या डावात ७५ धावांत ५ बळी. त्यातला एक १२४ धावांवर जम बसवून उभ्या असलेल्या कर्णधार मायकेल वॉनचा. भारत ७ विकेटनी जिंकला. ओव्हलची शेवटची कसोटी अनिर्णित सुटली आणि भारतानं इंग्लंडमध्ये २१ वर्षांनी मालिका जिंकली. याआधीचा विजय १९८६ चा, कपिल देवच्या संघाचा. झहीरचे मालिकेत १८ बळी. पुढच्या वर्षी विस्डेननं वर्षातल्या पाच सर्वोत्तम खेळाडूंत त्याची निवड केली.

किस्सा जेली बीनचा सांगितला जातो, पण ती मालिका रागानं जिंकली नव्हती. झहीर राउंड द विकेट, म्हणजे स्टंपच्या दुसऱ्या बाजूनं येऊन, डावखुऱ्या फलंदाजांना टाकत होता. कोनामुळं चेंडू बाहेर जाणार असं फलंदाजाला वाटतं, तो सोडायच्या बेतात असतो आणि चेंडू स्विंग होऊन आत येतो. सरळ गेला तर बॅटची कड. फलंदाजाला दर चेंडूला परीक्षा.

दुसरं अस्त्र जुन्या चेंडूचं. चेंडूची एक बाजू घासून चकचकीत ठेवलेली असते आणि दुसरी खडबडीत होते. नवा असताना चेंडू साधारणपणे खडबडीत बाजूकडं वळतो. जुना झाला आणि वेग असला की उलटा, चकचकीत बाजूकडं वळायला लागतो. हाच रिव्हर्स स्विंग. हुशार फलंदाज गोलंदाजाच्या हातात चकाकी कुठल्या बाजूला आहे ते बघून चेंडू कुठं जाणार ते ओळखतात. झहीर पळत येताना दुसऱ्या हातानं चेंडू झाकूनच ठेवायचा. शेवटच्या क्षणापर्यंत फलंदाजाला काही दिसत नाही. इंग्लंडच्या जेम्स अँडरसननं ही युक्ती झहीरला बघून उचलली, हे त्यानं स्वतः कबूल केलंय. पुढं कसोटीत ७०४ बळी घेणारा अँडरसन श्रीरामपूरच्या गोलंदाजाकडून काही शिकला, हे आपल्याकडं फारसं सांगितलं जात नाही.

तो नसला की काय व्हायचं

२००७ ते २०११ हा झहीरचा सुवर्णकाळ. पण याच काळातल्या दुखापतींची यादी केली तर ती बळींच्या यादीइतकीच ठसठशीत दिसते. घोटा, खांदा, हॅमस्ट्रिंग. प्रत्येक वेळी परत आला. २०१० च्या जानेवारीत मिरपूरला ८७ धावांत ७ बळी, ही त्याची कसोटीतली सर्वोत्तम कामगिरी. सामन्यात मिळून १० बळी.

संघ त्याच्यावर किती अवलंबून होता हे समजायला दोन प्रसंग पुरे आहेत.

पहिला डिसेंबर २०१० चा. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सेंच्युरियनची कसोटी, झहीर दुखापतीमुळं बाहेर. भारत एक डाव आणि २५ धावांनी हरला. पुढची कसोटी दरबानला, झहीर परत. पहिल्या डावात त्यानं स्मिथसह वरची फळी कापली, हरभजननं शेपूट गुंडाळलं आणि दक्षिण आफ्रिका १३१ मध्ये संपली. दोन्ही डावांत मिळून झहीरचे ६ बळी. भारत ८७ धावांनी जिंकला. महेंद्रसिंग धोनीनं त्याला गोलंदाजीतला सचिन म्हटलं होतं, ते असल्या अनुभवातूनच.

दुसरा प्रसंग जुलै २०११ चा, विश्वचषकानंतरचा. त्याआधी विश्वचषक बघून घेऊ.

वानखेडेवर पाच षटकं

२०११ च्या विश्वचषकात झहीर ३२ वर्षांचा होता. वेग आणखी उतरलेला. पण त्याच्या पोतडीत एक नवा चेंडू होता, नकल बॉल. बेसबॉलमधून आलेली ही कला. चेंडू बोटांच्या पेरांवर धरायचा आणि हात नेहमीच्याच वेगानं फिरवायचा. फलंदाजाला वाटतं चेंडू जोरात येतोय, आणि तो येतो सावकाश. वेस्ट इंडीजचा डेव्हन स्मिथ आणि ऑस्ट्रेलियाचा माइक हसी असेच फसून बोल्ड झाले.

बेंगळुरूत इंग्लंडविरुद्धचा तो बरोबरीत सुटलेला सामना आठवत असेल. ३३९ धावांचा पाठलाग करताना इंग्लंड २ बाद २८१, अँड्र्यू स्ट्रॉस १५८ वर. सामना हातातून गेलेला. झहीरनं लागोपाठच्या दोन चेंडूंवर इयन बेल आणि स्ट्रॉस दोघांना घालवलं. स्ट्रॉसला यॉर्करवर पायचीत. मग कॉलिंगवूडचा त्रिफळा. सामना परत आला.

आणि २ एप्रिल, वानखेडे. पुन्हा फायनल, पुन्हा नवा चेंडू त्याच्याच हातात. आठ वर्षांपूर्वी पहिल्या षटकात १५ गेल्या होत्या. या वेळी त्यानं पहिली तीन षटकं निर्धाव टाकली. पहिल्या हप्त्याचा हिशेब ५ षटकं, ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. उपुल थरंगाचा झेल स्लिपमध्ये सेहवागनं घेतला. शेवटी हाणामारीच्या षटकांत त्याला मार पडला आणि आकडे १० षटकांत ६० वर २ असे संपले, हेही लिहायला हवं. पण सुरुवातीला श्रीलंकेला जखडून ठेवलं नसतं तर २७५ चं लक्ष्य किती झालं असतं, याचा अंदाज करता येतो.

स्पर्धेत २१ बळी. शाहिद आफ्रिदीबरोबर संयुक्तपणे सर्वांत जास्त. विश्वचषकांत मिळून ४४, श्रीनाथच्या बरोबरीनं भारताकडून सर्वाधिक. तो विक्रम २०२३ मध्ये मोहम्मद शमीनं मोडला.

आता सुरुवातीचं नाव आठवा. त्या दिवशीची वानखेडेची खेळपट्टी ज्यांनी तयार केली होती ते मैदानाचे क्युरेटर होते सुधीर नाईक. झहीरला मुंबईत पहिल्यांदा जागा देणारे त्याचे कोच. धोनीचा षटकार सगळ्यांनी हजार वेळा बघितलाय. हा योगायोग मात्र बऱ्याच जणांना माहीत नाही. नाईक सरांचं एप्रिल २०२३ मध्ये निधन झालं.

लॉर्ड्सचे १३.३ षटक

आता तो राहिलेला प्रसंग. २१ जुलै २०११, लॉर्ड्स. भारत कसोटीत जगात पहिल्या क्रमांकावर. पहिल्याच दिवशी झहीरनं कुक आणि स्ट्रॉस हे दोन्ही सलामीवीर घालवले. चौदाव्या षटकाचा तिसरा चेंडू टाकला आणि तो मांडी धरून थांबला. १३.३ षटकं, १८ धावा, २ बळी. उजवी मांडी, हॅमस्ट्रिंग. तो मैदानाबाहेर गेला आणि त्या मालिकेत पुन्हा गोलंदाजीला आला नाही.

भारत ती मालिका ०-४ नं हरला आणि पहिला क्रमांकही गेला. एकट्या झहीरमुळं निकाल बदलला असता असं कुणी म्हणू नये, फलंदाजी त्या दौऱ्यात पार कोलमडली होती. पण ज्या संघाचा सगळा हल्ला एका माणसाच्या मांडीवर उभा असतो तो संघ पहिल्या क्रमांकावर किती काळ राहणार, हा प्रश्न निवड समितीला आणि आयपीएलसकट सगळं वेळापत्रक आखणाऱ्यांना तेव्हा विचारायला हवा होता. आज बुमराहला कुठल्या कसोटीत विश्रांती द्यायची यावर महिनाभर चर्चा चालते. झहीरच्या काळात ती चर्चा तो पडल्यावर व्हायची.

यानंतरचा झहीर थोडा जड, थोडा थकलेला दिसायचा. डिसेंबर २०१२ च्या कोलकाता कसोटीनंतर त्याला वगळलं. २०१३ मध्ये तो आणि युवराज फ्रान्सला जाऊन फिटनेसवर मेहनत करून आले. त्या वर्षाच्या अखेरीस जोहान्सबर्गला त्यानं जॅक कॅलिसला पायचीत केलं. तो त्याचा ३०० वा कसोटी बळी. भारतीय वेगवान गोलंदाजांत तोपर्यंत हा आकडा फक्त कपिल देवनं गाठला होता.

वेलिंग्टनमधले दोन नगरकर

फेब्रुवारी २०१४, न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन. झहीरची ही शेवटची कसोटी ठरणार होती, पण तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. भारताकडून एका फलंदाजानं ११८ धावा काढून कसोटीतलं पहिलं शतक केलं. त्याचं नाव अजिंक्य रहाणे. मूळ गाव आश्वी, तालुका संगमनेर, जिल्हा तोच. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या एका खेळाडूचं पहिलं शतक आणि दुसऱ्याचा शेवटचा सामना एकाच मैदानावर झाला.

दुसऱ्या डावात न्यूझीलंडचे ५ गडी ९४ धावांत बाद झाले होते. विजय समोर दिसत होता. तिथून ब्रेंडन मॅकलमनं दोन दिवसांहून जास्त फलंदाजी केली आणि ३०२ धावा काढल्या. ३५ वर्षांच्या झहीरनं त्या डावात ५१ षटकं टाकली. ५१ षटकं, १७० धावा, ५ बळी. मॅकलमला शेवटी बाद केलं तेही त्यानंच. न्यूझीलंडनं ८ बाद ६८० वर डाव सोडला आणि सामना अनिर्णित राहिला.

कसोटी ९२, बळी ३११. एकदिवसीय सामने २००, बळी २८२. कसोटीतली सरासरी ३२.९४, जी नुसती बघितली तर महान वगैरे वाटत नाही. या सरासरीत वूस्टरच्या आधीचा झहीर आणि नंतरचा झहीर एकत्र मिसळलेले आहेत, आणि बरंच आयुष्य भारतातल्या फिरकीच्या खेळपट्ट्यांवर गेलेलं आहे. आकड्यावरून भांडायचं असेल तर हे लक्षात घेऊन भांडावं. २०११ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये पद्मश्री.

१५ ऑक्टोबर २०१५ ला त्यानं आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. कारण त्यानं सरळ सांगितलं. दिवसाला अठरा षटकं टाकण्याचा भार आता आपला खांदा पेलणार नाही. आयपीएलमध्ये चारच षटकं टाकायची असतात, म्हणून तिथं तो २०१७ पर्यंत दिल्लीकडून खेळला, कर्णधारही होता. निवृत्तीच्या आधीच त्यानं भारतीय संघाचे माजी फिजिओ अँड्र्यू लीपस आणि माजी ट्रेनर एड्रियन ल रू यांना सोबत घेऊन खेळाडूंच्या फिटनेससाठी प्रोस्पोर्ट नावाची कंपनी काढली होती.